भावानं लिहिलेलं कार्ड

चेन्नई,
३ जुलै २००६

प्रिय जनकोजीस,

सदतीस वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडून टाकू नकोस, आधी वाच. तुझा पत्ता तुझ्या बहिणीनं, तुळसीनं, दिलेला नाही. तिला तो माहीत असेल तर तिनं मला कधी सांगितलेला नाही. आमच्या गोल्फ क्लबचे एक मेंबर श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते सांगत होते की त्यांच्याकडे एक मराठी माळी होता, तो गवत असं कापायचा की साहेबलोक जेवणाच्या सुट्टीत तिथे चेंडू घरंगळवायचे. मी म्हटलं, हा आमचा जनकोजीच. मामांच्या हाताखाली शिकलेला दुसरा माणूस आता उरलाय कुठे?

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हार्बर कपाची येत्या जानेवारीत पन्नासावी स्पर्धा. क्लब मोठं पुस्तक काढतोय आणि त्या स्पर्धेचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आहे. मी सांगतो, राममूर्ती वकील ते इंग्रजीत उतरवतात. जुन्या लोकांपैकी क्लबात येणारा मीच एक शिल्लक आहे. १९५८ साली जॉर्ज टाउनच्या जहाजवाल्यांनी आणि चामड्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून चांदीचा कप दिला, पहिल्या वर्षी अकरा खेळाडू होते, सगळे साहेबांच्या पिशव्या उचलणारे कॅडी, त्यातले सात अनवाणी, हे सगळं मी सांगितलंय. हिरवळ नव्हती, वाळूत रेल्वेचं जळकं तेल कालवून मामा ती गोल ब्राऊनं बनवायचे, त्यावरून चेंडू होलात घालवायचा, हेही सांगितलं. आजच्या पोरांना ते खोटं वाटतं. जिंकणाऱ्याला क्लबाच्या आत जायची परवानगी नव्हती, कप खिडकीतून दाखवायचे, ते मात्र राममूर्तींनी गाळलं.

१९६९ चं पान असं आहे : 'विजेता अप्पाजी. आघाडीवरचा एक खेळाडू खोट्या कार्डाबद्दल बाद.' तुझं नाव घातलेलं नाही, ती काळजी मी घेतली.

आता काम. पुढच्या वर्षीपासून नवोदितांसाठी माझ्या नावाची ट्रॉफी ठेवायची असं क्लबाचं चाललंय. वकील माणूस, राममूर्ती म्हणतात, १९६९ बद्दल मागाहून कुणी वाद काढायला नको, त्या खेळाडूकडून दोन ओळी सहीनिशी आणा. कागद ते तयार करतील. तू फक्त सही करायची.

मुद्दाम मराठीत लिहितोय. माझ्या मुलाला, श्रीनिधीला, इंग्रजी सोडून काही वाचता येत नाही आणि तुळसी क्लबाच्या कागदांना हात लावत नाही. तूही मराठीतच लिही. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुझा,
अप्पाजी


श्रीपेरुंबुदूर,
२० जुलै २००६

अप्पाजीस,

पत्र पोचलं. फाडलं नाही.

कारखान्यातलं काम दोन वर्षांपूर्वी सुटलं. दोन खोल्यांचं घर आहे, मी एकटा. तब्येत बरी.

तुझ्या इतिहासात एक गोष्ट सांगायची राहिली, ती मी सांगतो. आपल्या खेळात आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. तुझं मी लिहायचं, माझं तू. अठराव्या होलनंतर ज्यानं त्यानं आपलं कार्ड तपासायचं, सही करायची आणि व्हरांड्यातल्या टेबलावर द्यायचं. एखाद्या होलवर एक फटका जरी कमी लिहिलेला निघाला तरी बाद. कोण बाद? लिहिणारा नाही, सही करणारा.

हा क्लबाचा नियम. बाबांचा, तुझ्या मामांचा, नियम वेगळा होता. आपण दोघं सोळा-सतरा वर्षांचे असताना एका कार्डावरून शेडमध्ये मारामारी केली होती, आठवतं? त्या दिवशी बाबांनी दोघांना थोबाडीत दिली आणि म्हणाले, "भावानें लिहिलेलें काय बघतोस? सही घाल." तेव्हापासून मी तू लिहिलेलं कार्ड कधी उघडून पाहिलं नाही. शेडमधले सगळे कॅडी हसायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी सोळाव्या होलवर माझे पाच झाले होते. सतराव्यावर चार. एकूण एकाहत्तर, तुझे बहात्तर, आणि ज्याचे फटके कमी तो पहिला. मी एका फटक्यानं जिंकलो होतो. तू सोळाव्यावर चार लिहिलेस, एकाहत्तरचे सत्तर केलेस, मी न बघता सही केली. कमिटीतला एक साहेब सोळाव्यावर उभा होता, त्यानं माझे फटके मोजले होते. पुढचं तुला माहीत आहे. मला फाटकाबाहेर काढलं. महिन्याभरात बाबांनी काम सोडलं. पोरगा खोटारडा निघाला म्हणून त्यांनी तुळसी तुला दिली आणि दीड वर्षात गेले. मरताना मला बोलावलं नाही.

तुझ्याकडे दोन गोष्टी मागतो. पुस्तकातला 'खोट्या' हा शब्द काढ. चुकीचं कार्ड म्हण, मी काही म्हणणार नाही. आणि मला एकदा सांग, ते चार तू चुकून लिहिलेस की मुद्दाम? सदतीस वर्षं मी हेच एक विचारत आलोय, भिंतीला.

जनकोजी


चेन्नई,
२ ऑगस्ट २००६

प्रिय जनकोजीस,

सुंभ जळला तरी पीळ गेला नाही म्हणायचा. तरी तुझं पत्र बघून बरं वाटलं. अक्षर किती सुधारलंय तुझं. पूर्वी मुंग्या चालल्यासारखं लिहायचास. म्हातारपणी वेळ मिळतो, नाही का?

चूक होती. तेव्हाही सांगितलं, आता पुन्हा सांगतो. सोळाव्यावर माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. सतराव्यावर कॅडीकडून दुसरी घेतली आणि घाईत लिहिलं. माणसाच्या हातून होतं. तू एकदा कार्डाकडे नजर टाकली असतीस तर तिथल्या तिथे दुरुस्त झालं असतं. मामांचं म्हणणं घरात ठीक होतं. क्लबात नियम क्लबाचा, आणि तो नियम मी केलेला नाही.

'खोट्या' हा शब्दही माझा नाही. क्लबाच्या रजिस्टरात तसा आहे. राममूर्ती म्हणतात, मूळ नोंदीत फेरफार करता येत नाही. क्लबाच्या माळ्यावर लोखंडी पेटी आहे, तिच्यात १९५८ पासूनची कार्डं सापडली. मी आठवडाभर तेच बघत बसलो होतो. किती नावं, जनकोजी. अर्धी माणसं गेली. १९६९ ची कार्डं मात्र वाळवीनं खाल्ली.

सोबत राममूर्तींचा कागद पाठवतो. इंग्रजी आहे. अर्थ एवढाच की चूक तुझी होती आणि तुझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. सही करून पाठव. जानेवारीत अंतिम दिवशी तुला तिसऱ्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगतो. आता क्लबात कुणालाही आत घेतात, कॅडीलासुद्धा. आपलं तेलवाळूचं मैदान बघशील तर ओळखणार नाहीस. त्र्याऐंशी साली सगळीकडे गवत केलं. परदेशातून पोरं येतात, टीव्हीवाले येतात. तुला बरं कापड हवं असेल तर सांग, श्रीनिधीचे दोन शर्ट पडून आहेत. सिरुसेरीच्या नोकरीत त्याला दर दिवाळीला नवे घ्यावे लागतात.

तुळसी बरी आहे. तुझ्याबद्दल मी तिला काही बोललेलो नाही.

तुझा,
अप्पाजी


श्रीपेरुंबुदूर,
१० सप्टेंबर २००६

अप्पाजीस,

पेन्सिल मोडली म्हणे. सोळाव्यावर माझा चेंडू नाल्याच्या काठावर होता, तो काढताना मी दोनदा घाम पुसला, तू चार पावलांवर उभा होतास. त्या होलवर काय झालं ते तू विसरशील आणि तेही एका फटक्यानं, आणि तो फटका नेमका माझ्या गळ्यात पडेल. हे मला पटत नाही. कुणालाच पटणार नाही.

मी कागद घेऊन बसलोय. सही करतो. पण फुकट नाही.

तू मला लिहून दे की ते चार तू मुद्दाम लिहिलेस. तुझ्या हातानं, तारीख घालून, खाली पूर्ण नाव आणि सही. मराठीतच लिही. इथे तेलुगू आणि तमिळ माणसं, कोण वाचणार आहे? मला पासष्ट झाली. मला क्लब नको, खुर्ची नको, शर्ट नको. ज्यानं मला मारलं त्याच्या तोंडून एकदा 'मी मारलं' एवढं ऐकायचंय. मग मी शांत मरेन आणि तू तुझ्या नावाची ट्रॉफी वाट.

तुझं पत्र आलं की तुझा कागद सही करून पाठवतो. न वाचता. तेव्हा केली होती तशीच.

जनकोजी


चेन्नई,
२५ सप्टेंबर २००६

जनकोजी,

हा काय वेडेपणा? जे घडलं नाही ते लिहून देऊ? चूक ती चूक. मी म्हणतो ते तुला नको, तुला तुझंच ऐकायचंय. मग भिंतीलाच विचारत बस.

मी तुझ्या वाईटावर नव्हतो. फाटकाबाहेर तुला काढलं तेव्हा मी काही बोललो नाही हे खरं. कोण बोललं असतं? त्या वर्षी क्लबाला पहिला देशी शिक्षक नेमायचा होता आणि जिंकेल त्याला ती नोकरी मिळणार होती. तुझ्यासाठी तोंड उघडलं असतं तर दोघंही बाहेर गेलो असतो. एकाचं तरी घर उभं राहिलं, आणि त्याच घरात तुझी बहीण नांदली. हा विचार तू कधी केलास का?

कागद सही करून पाठव. वाद वाढवू नकोस.

अप्पाजी


चेन्नई,
५ नोव्हेंबर २००६

जनकोजीस,

तू दीड महिना उत्तर दिलं नाहीस. राममूर्ती दर शनिवारी विचारतात. पुस्तक छपाईला जातंय आणि तुझ्या कागदावाचून ट्रॉफीचं पान अडलंय. तुला हवं ते घे.

१९ जानेवारी १९६९ रोजी हार्बर कपाच्या अंतिम फेरीत सोळाव्या होलवर जनकोजीचे पाच फटके झाले. मी त्याच्या कार्डावर चार लिहिले. मुद्दाम लिहिले. तो माझं लिहिलेलं बघणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याचाच मी फायदा घेतला. एकाहत्तरचे सत्तर केले. सोळाव्यावर उभ्या असलेल्या साहेबाला फटके मोजायला मीच सांगितलं होतं.

एवढं पुरे ना? की आणखी हवं? मग तेही घे. लहानपणापासून तू मला खुपायचास. वडील गेले म्हणून आईनं मला तुमच्या घरी आणून टाकलं. मामा मला जेवू घालायचे आणि तुला शिकवायचे. मी खेळलो की 'बरं झालं' आणि तू खेळलास की शेजाऱ्यांना बोलावून सांगायचे. कप तू नेला असतास, नोकरी तू घेतली असतीस, मी जन्मभर तुझ्या मागून पिशवी उचलत चाललो असतो. मला ते नको होतं. तुला फाटकाबाहेर काढताना मी व्हरांड्यात उभा होतो. मला वाईट वाटलं नाही.

अप्पाजी रंगोजी मोहिते
(सही)

झालं समाधान? आता कागद पाठव. हे पत्र वाचून चुलीत घाल.


श्रीपेरुंबुदूर,
१४ नोव्हेंबर २००६

अप्पाजीस,

सोबत तुझा कागद. सही केली आहे. काय लिहिलंय ते वाचलं नाही.

तुझं पत्र मिळालं. तिसऱ्या रांगेतली खुर्ची ठेव म्हणावं, मी येईन.

जनकोजी


श्रीपेरुंबुदूर,
२९ जानेवारी २००७

अप्पाजीस,

तू आता पत्रं घेत असशील की नाही कोण जाणे, तरी लिहितो. म्हणजे लिहवून घेतो.

मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. काचबिंदू होता, उशिरा कळला. कारखान्याचं काम त्यामुळेच सुटलं. तू ज्या अक्षराचं कौतुक केलंस ते क्षमाचं. माझ्या एका खोलीत ती आणि तिचा नवरा अमोघ भाड्यानं राहतात, नाशिकची माणसं आहेत. अमोघ कारखान्यात इंजिनियर. तुझ्या प्रत्येक पत्राचा शब्द न शब्द तिनं मला वाचून दाखवला आणि माझं उत्तर मी सांगितलं तसं उतरवलं. मराठी कोण वाचणार म्हणत होतास ना? मीही तुला तेच म्हटलं. तुझं नोव्हेंबरचं पत्र तिनं इंग्रजीत केलं. मूळ आणि भाषांतर दोन्ही मी राममूर्तींना पाठवलं. अंतिम दिवसाच्या दोन दिवस आधी पोचेल असं बघितलं, त्याआधी पोचलं असतं तर तू काहीतरी जोडतोड केली असतीस.

क्षमा नको म्हणत होती. दोनदा म्हणाली, "काका, पुन्हा विचार करा." तिला मी ओरडलो. ती हेही लिहीत आहे, कारण मी तिला लिहायला लावतोय.

मी आलो होतो. अमोघनं मला तिसऱ्या रांगेत बसवलं. तू पहिल्या रांगेत, नवा कोट घालून, असं त्यानं सांगितलं. मग माईकवरून १९५८ पासूनचे विजेते एकेक वाचायला लागले. हयात असलेल्यानं उठून उभं राहायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. सदुसष्ट झालं, अडुसष्ट झालं. तेवढ्यात मला पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तुझ्या गुडघ्यांचा आवाज मी अजून ओळखतो. माईकवरचा माणूस म्हणाला, "१९६९. विजेता नाही." आणि लगेच सत्तर सालचं नाव घेतलं.

तू उभाच होतास म्हणे. सत्तरच्या टाळ्या संपल्या तरी. मग कुणीतरी येऊन तुला बाजूला नेलं. अमोघ म्हणाला, काका, तुम्ही हसताय. मी हसत होतो.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेणार नव्हतेच, तुझ्या कागदावर माझी सही आहे. मला चालतं. विजेत्यांच्या पाटीवर त्या वर्षापुढे आता पितळेची कोरी पट्टी आहे, अमोघनं माझा हात धरून तीवरून फिरवला. गुळगुळीत आहे.

एकदा सही करून दिलेलं कार्ड परत घेता येत नाही. क्लबाचा नियम आहे, मी केलेला नाही.

जनकोजी


चेन्नई,
२ मार्च २००७

चि. सौ. क्षमा हिस आशीर्वाद.

मी तुळसी. जनकोजीची बहीण, अप्पाजींची बायको. तू मला पाहिलेलं नाहीस, पण घरात आलेली सगळी पत्रं मी आता वाचली आहेत, त्यामुळे तुझं अक्षर मला ओळखीचं झालं आहे. माझ्या भावाला डोळे नाहीत हेही मला तुझ्या अक्षरातूनच कळलं. हे पत्र तुझ्या नावानं पाठवते, पण ते त्याच्यासाठी आहे. त्याला वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस.

अण्णा,

हे रोज पहाटे उठतात, कोट घालतात आणि पाचच्या बसनं क्लबाच्या फाटकापर्यंत जातात. दारवान आत सोडत नाही. दहाच्या बसनं परत येतात. श्रीनिधी म्हणतो, आप्पांना समजावून सांग. तो स्वतः त्यांच्याशी बोलत नाही. त्याच्या ऑफिसात कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, ते तुझेच वडील का?

गेल्या आठवड्यात ह्यांनी कपाटाच्या तळातून एक पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. त्यात एक कार्ड होतं. १९६९ चं, अंतिम दिवसाचं, तुझं. वाळवीनं खाल्लं नव्हतं. पेटीत सापडलं त्याच दिवशी ह्यांनी ते लपवून घरी आणलं होतं. मी अडाणी बाई, मला त्यातलं काय कळणार? म्हणून ह्यांनीच बोट ठेवून दाखवलं.

सोळाव्यापुढे चार लिहिलेत. सतराव्यापुढे पाच.

अण्णा, तू पुन्हा ऐक. तुझे सोळाव्यावर पाच झाले होते आणि सतराव्यावर चार. ह्यांनी उलटे लिहिले. पेन्सिल खरंच मोडली होती. सतरावा संपल्यावर दुसरी मिळाली तेव्हा दोन्ही होल एकदम लिहिले आणि आकडे एकमेकांच्या घरात पडले. बेरीज एकाहत्तरच आहे. तुझा एकही फटका ह्यांनी कमी केलेला नाही. सत्तर कधी झालेच नव्हते.

मी विचारलं, मग मुद्दाम केलं असं का लिहून दिलंत? तेव्हा हे म्हणाले, "मुद्दाम करायचें असतें तर सतराव्यांत पांच कां लिहिलों असतों? त्यास तेंच पाहिजे होतें. दिलों."

हे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. एकोणसत्तरच्या त्या अंतिम दिवशी संध्याकाळीच साहेबांनी ह्यांना कार्ड दाखवलं होतं. आकडे उलटे पडलेत, बेरीज बरोबर आहे, हे ह्यांना तेव्हाच कळलं होतं. नियमानं तू बादच होतास, पण खोटारडा नव्हतास. हे एक वाक्य बोलले असते तर बाबा तुला घेऊन घरी आले असते. हे बोलले नाहीत. बेरीज बरोबर आहे असं म्हटलं की खरा जिंकलेला कोण हेही सगळ्यांना कळलं असतं. आणि आता, कार्ड हातात असताना, ते छापायला देण्यापेक्षा ह्यांनी स्वतःवर खोटं लिहून घेतलं. कारण ते खोटं कुणी वाचणार नव्हतं. मी ह्या माणसाबरोबर छत्तीस वर्षं राहिले आणि दर जानेवारीला तो कप घासून दिला.

पण तूही ऐक. ह्यांनी चुकून एक आकडा लिहिला आणि तू न बघता सही केलीस. तू काय केलंस? ह्यांच्या हातून खोटा आकडा मुद्दाम लिहवून घेतलास, सही घेतलीस आणि टेबलावर नेऊन ठेवलास. सदतीस वर्षं तू ज्या माणसाला शिव्या देत होतास तो कधी नव्हताच. तो आता झाला आहे. तिसऱ्या रांगेत बसून हसत होता.

हे कार्ड मी क्लबात नेलं होतं. राममूर्तींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, बाई, आमच्याकडे तुमच्या यजमानांचं सहीचं पत्र आहे आणि तुमच्या भावाचा सहीचा कागद आहे, दोघांनीही आपापला गुन्हा कबूल केलाय, आता हे कार्ड घेऊन मी काय करू? वर म्हणाले, हे क्लबाच्या पेटीतून चोरीला गेलेलं आहे, पण तुमच्या वयाकडे बघून मी काही म्हणत नाही. मी कार्ड उचलून बाहेर आले.

मला तुम्ही दोघांनी कधी काही विचारलं नाही. बाबांनीही विचारलं नव्हतं. खोटारड्याची बहीण म्हणून या घरात आले, आता दुसऱ्या खोटारड्याची बायको म्हणून राहते. तुझ्याकडे यायची सोय तूच ठेवली नाहीस, आणि आता यावंसं वाटत नाही.

कार्ड सोबत पाठवते. त्याच्यावर तुझी सही आहे. अडतीस वर्षांत तू ते एकदाही पाहिलं नाहीस, आणि आता पाहू शकत नाहीस.

तुळसी


श्रीपेरुंबुदूर,
११ मार्च २००७

ती. तुळसीआत्यांस क्षमाचा नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. खरं सांगते, गाळावीशी वाटली होती.

 काकांनी कार्ड मागितलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारलं, सोळावं घर कुठलं? मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. मग सतराव्यावर ठेवलं. तिथे त्यांनी ते तसंच राहू दिलं. मला म्हणाले, "बेरीज कर."

मी अठराही घरं मोठ्यानं वाचली आणि बेरीज केली. एकाहत्तर आली. ते म्हणाले, चुकलीस, पुन्हा कर. पुन्हा केली. पुन्हा एकाहत्तर. मग म्हणाले, खालून वर कर. तशी केली.

आज आठवा दिवस आहे. सकाळी चहा घेऊन गेले की ते उशाखालून कार्ड काढून माझ्यापुढे धरतात. काल अमोघ म्हणाला, एकदा सत्तर सांगून टाक, त्यांना बरं वाटेल. मी सत्तर सांगितलं. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "न बघता सांगू नकोस."

तुमची,
क्षमा